केळीचा ट्रक मोजला, बोरचं पाणी कोण मोजणार?

आपल्याकडे कुठल्याही गावाची प्रगती विचारली की उत्तर ठरलेलं असतं. बंगले किती झाले, ट्रॅक्टर किती आले, केळीच्या गाड्या किती भरल्या, किती पोरं पुण्याला कंपनीत लागली. पारावर बसलेला म्हातारा पण "औंदा कपाशी कितली निंघनी भो" एवढंच विचारतो, आणि मुंबईत बसलेलं सरकार पण तेच विचारतं, फक्त ते त्याला जीडीपी म्हणतात, म्हणजे वर्षभरात एकूण किती पिकलं आणि बनलं त्याची पैशातली किंमत. आता तर राज्याला ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था करायची आहे आणि त्यात कुठल्या जिल्ह्याने किती भर घालायची याचे प्लॅन चाललेत.

माझा वाढीला विरोध नाही हे आधीच सांगतो. ज्याच्या घरात पैसा नाही त्याला "पैसा म्हणजे सगळं नाही" असं सांगायला जाणं फार वाईट, ते मी करणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. या हिशोबात आलेला पैसा लिहितात, तो येण्यासाठी गावातून काय गेलं ते लिहीत नाहीत. आणि ते लिहायला वरून कोणी येणार नाही, गावानेच ते लिहायला पाहिजे.

जळगाव जिल्ह्यातला रावेर-यावलचा पट्टा घ्या. सातपुड्याच्या पायथ्याची जमीन, केळी तिथली एक नंबर, जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे इथल्याच मालाची ओळख सांगणारं मानांकन पण मिळालं. टिश्यू कल्चरची रोपं, ड्रीप, वेळच्या वेळी खत, इथला शेतकरी जेवढी मेहनत घेतो तेवढी फार कमी ठिकाणी बघायला मिळते. नवती, म्हणजे नव्या लागवडीची बाग कापणीला आली की गाड्या लागतात, मजूर खांद्यावर घड वाहून आणतात, काटा होतो, बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा भाव बघून सौदा होतो. हे सगळं उत्पन्नात धरलं जातं आणि धरायलाच पाहिजे.

आता त्याच बागेत एप्रिलच्या शेवटी जाऊन बघा. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की पाईपातून आधी नुसती हवा येते, मग थोडं गढूळ पाणी, मग दहा-पंधरा मिनिटं बरी धार चालते आणि मोटर परत हवा मारायला लागते, मग शेतकरी मोटर बंद करतो, तास-दीड तास बांधावर बसून राहतो, बोरमध्ये पाणी जमू देतो आणि परत चालू करतो. वरून ऊन पंचेचाळीसच्या पुढे, केळीची पानं करपायला लागलेली. मग घरात चर्चा होते की बोर अजून खाली न्यायचा का नवीन घ्यायचा. रिग मशीन येतं, फुटाच्या भावाने पैसे मोजायचे, केसिंगचे वेगळे, मोटर जास्त एचपीची घ्यायची, केबल लांब घ्यायची. लागलं पाणी तर नशीब, नाही लागलं तर नुसती धूळ आणि कर्ज.

जीडीपीच्या हिशोबात इथं काय होतं ते नीट समजून घ्या. केळी विकली ती मिळकत. बोर मारला तर रिगवाल्याची मिळकत, मोटर विकणाऱ्याची मिळकत, पाईपवाल्याची मिळकत, आणि उद्या गावात जारचं पाणी विकत घ्यावं लागलं तर ती पण मिळकतच. जमिनीतलं पाणी जितकं खाली जाईल तितका त्याच्यामागे जास्त पैसा फिरतो, आणि जितका जास्त फिरतो तितकी प्रगती जास्त दिसते. पाणी खाली गेलं याची वजाबाकी कुठेच नाही. बँकेतली एफडी मोडून आणलेला पैसा पगार म्हणून लिहावा तसं हे चाललंय. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी पाहणीत अतिशोषित म्हणून नोंदले गेलेत, म्हणजे जेवढं मुरतं त्याच्यापेक्षा जास्त आपण उपसतो, आणि ही काही एका उन्हाळ्याची गोष्ट नाही. आता तापीचं पुराचं पाणी या पट्ट्यात मुरवायच्या मेगा रिचार्ज प्रकल्पासाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा करार झाला. प्रकल्प व्हावाच, लवकर व्हावा. पण एवढा अवाढव्य खर्च करायची वेळ आली, ती येताना इतकी वर्षं दर वर्षीच्या आकड्यांत आपण पुढेच जात होतो ना? मग ते आकडे आपल्याला सावध का करू शकले नाहीत, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मोठमोठ्या लोकांना फार आधीच पडलेला आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत ज्याने बसवली त्या सायमन कुझनेट्सनेच १९३४ साली अमेरिकेच्या सिनेटला दिलेल्या अहवालात सांगून ठेवलं होतं की या आकड्यावरून देशाच्या लोकांचं बरं चाललंय की नाही हे ठरवता येत नाही. १९९० मध्ये महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून मानव विकास निर्देशांक आला, त्यात उत्पन्नाबरोबर आयुष्य आणि शिक्षण धरलं. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय हिशोबाची नवी पद्धत मंजूर केली, त्यात निसर्गातली साधनं उपसून संपवली तर ती झीज खर्च म्हणून धरायची असं आलंय. चांगली गोष्ट आहे, पण ते देशाच्या पातळीवरचं काम, ते आपल्या चोपड्या-पारोळ्याच्या एखाद्या गावापर्यंत कधी आणि कसं पोहोचणार?

घरातलं काम घ्या. हिशोबाचा नियम असा आहे की शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेली ज्वारी उत्पन्नात धरतात, विकली नाही तरी. पण त्याच ज्वारीची भाकरी थापली, कळण्याची भाकरी केली, भरताची वांगी भाजली, भांडी घासली, म्हाताऱ्या सासूला औषध दिलं, ते काही धरत नाहीत. २०१९ च्या देशाच्या वेळ वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. पाच तास रोजचे! आणि आपल्याकडे तर ती बाई सकाळी निंदायला किंवा कापूस वेचायला पण जाते, म्हणजे पाच तास हे त्याच्या वर. गावात नळ आला आणि तिचे पाणी आणायचे दोन तास वाचले तर ते दोन तास कुठल्याच उत्पन्नात दिसत नाहीत, पण त्या घराला विचारा काय फरक पडला ते. उलट बोर आटला आणि ती परत हंडे घेऊन फिरायला लागली तर आकडा तसूभर हलत नाही.

रात्रीच्या लाईटीचं पण तसंच. शेतीपंपाला थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. काही भागात सोलरमुळे दिवसाची लाईट मिळायला लागली पण सगळीकडे नाही, आणि रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन, बिबट्याच्या भीतीने मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून बारे द्यायला, म्हणजे पिकाला पाणी भरायला जातो. पीक तेवढंच येतं. हिशोबात दिवसा भिजवलेली कपाशी आणि रात्री जीव मुठीत घेऊन भिजवलेली कपाशी एकच. मला कोणी विचारलं तर मी गावाच्या समृद्धीत हे लिहीन, की या वर्षी शेतकरी किती रात्री घरी झोपला.

आता जो आकडा मला सगळ्यात जास्त टोचतो तो. जळगाव म्हणजे सोन्याचं गाव, इथल्या सोन्याची शुद्धता सगळ्या महाराष्ट्रात नावाजलेली, लग्नाचं सोनं घ्यायला लोक कुठून कुठून येतात. २०११ च्या जनगणनेत या जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. राज्यातल्या सगळ्यात खालच्या जिल्ह्यांमधला आकडा. आणि शेजारचा नंदुरबार, ज्याला सगळे मागास म्हणतात, तिथे ९४० च्या वर. पैशाच्या यादीत जळगाव वर आणि नंदुरबार खाली, या यादीत बरोबर उलटं. सोनोग्राफी मशीनला पैसा लागतो, हे लिहिताना वाईट वाटतं पण खरं आहे, आपल्याकडे पैसा आला आणि त्याच्यासोबत मुलगी नको म्हणायची सोय पण आली.

आणि याचे परिणाम आता दारात उभे आहेत. त्या मोजणीतली पोरं आज लग्नाच्या वयाला येऊन टेकलीत. त्यांच्या आधीच्या पिढीचीच काय अवस्था आहे बघा, पाच-दहा एकर बागायत, घरासमोर ट्रॅक्टर, पोरगं निर्व्यसनी, आणि तीस ओलांडून पस्तिशीला आलं तरी लग्न जमत नाही. मुलीकडचे विचारतात नोकरी आहे का, शहरात फ्लॅट आहे का. मग कोणीतरी एजंट येतो, लांबच्या जिल्ह्यातून नाहीतर दुसऱ्या राज्यातून मुलगी आणतो, लाखात पैसे घेतो, कधी चार दिवसात मुलगी दागिने घेऊन गायब होते आणि कधी ती बिचारी स्वतःच फसवून आणलेली असते. ज्या गावात हे होतंय त्या गावाला समृद्ध कसं म्हणायचं मला सांगा. उत्पन्नाचा आकडा तर तिथे मस्त आहे.

पण याच्यावरून कोणी असं म्हणायला लागला की बघा, गरीब आदिवासीच खरे सुखी, तर ते मी अजिबात मान्य करणार नाही. शहरातली माणसं सातपुड्यात दोन दिवस फिरून येतात, पावरी वाजताना ऐकतात आणि असं काहीतरी लिहितात. नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी गरिबीच्या अहवालात नंदुरबार राज्यात सगळ्यात खाली होतं, निम्म्याहून जास्त लोक गरीब, आणि तिथे गरिबी म्हणजे नुसता पैसा नाही मोजलेला, पोषण, शाळा, संडास, चुलीचं जळण, घर असं सगळं धरून मोजलेली. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजही बाळंतपणाला अडलेली बाई बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवावी लागते. दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला, वीटभट्टीला गुजरातेत निघून जातात, पोरांची शाळा तिथेच सुटते. त्या पाड्यावर रस्ता, दवाखाना, रोजगार पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि त्याला पैसाच लागतो. म्हणून मी म्हणतो की उत्पन्न मोजायचं सोडू नका. पण त्याच पाड्यावर मजुरीचा पैसा वाढला आणि सहा महिने घराला कुलूप पण वाढलं तर दोन्ही लिहा, एकच लिहू नका.

सरासरीने पण फार नुकसान केलंय. अमळनेरची गोष्ट देशभर सांगतात, १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी तेव्हाचे शेअर सांभाळून ठेवले ती कोट्यधीश झाली. त्यांचं भलं झालं, आनंद आहे. पण त्याच तालुक्यात तापीवरचं पाडळसे धरण वर्षानुवर्षं रखडलेलं, कोरडवाहू शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसलेला. शेअरवाल्याची आणि कोरडवाहूवाल्याची बेरीज करून दोनाने भागलं तर जो आकडा येतो तो दोघांपैकी कोणाच्याच घरातला नसतो.

मग करायचं काय? इथे लोक लगेच भूतानचं नाव घेतात. भूतानने राष्ट्रीय सुख मोजायला घेतलं, २००८ च्या राज्यघटनेत पण ते घातलं, नऊ क्षेत्रं आणि ३३ निकष केले. मला त्यांचं कौतुक आहे. पण तिथली तरुण पोरं आता मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला चाललीत, कारण गावात काम नाही, म्हणजे नुसतं मोजून भागत नाही. आणि आपल्याकडे तर ३३ निकषांचा फॉर्म आला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, ग्रामसेवक ऑफिसमध्ये बसून एका दुपारी भरून टाकतो. केंद्र सरकारने पंचायतींसाठी नऊ विषयांचा निर्देशांक काढलाय, त्यात गरिबी, आरोग्य, पाणी, महिला सगळं आहे, कागदावर चांगलं आहे. तुमच्या गावाला त्यात किती मार्क मिळाले हे गावातल्या दहा जणांना विचारून बघा.

मला वाटतं बारीपाड्यासारखं पाहिजे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं छोटं आदिवासी गाव, एकेकाळी आजूबाजूचा डोंगर उघडाबोडका, पाण्याची बोंब. नव्वदच्या दशकात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी ठरवलं की जंगल आपणच राखायचं. कुऱ्हाडबंदी, चराईचे नियम, मोडला नियम तर दंड, आणि दंड ठरवणारं गावच. आज साधारण ४०० हेक्टर जंगल उभं आहे, पाणी आहे, आणि बायका वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरवतात, त्यात कितीतरी जातीच्या रानभाज्या मांडलेल्या असतात. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आता विचार करा, ते जंगल तोडून लाकूड विकलं असतं तर त्या वर्षी गावाचं उत्पन्न एकदम उसळलं असतं. राखलं म्हणून आकड्यात जवळजवळ काहीच दिसलं नाही, टोपलीभर रानभाजी घरी आणून खाल्ली तर तिची पावती कोण फाडणार? पण झरे टिकले, शेतीला पाणी झालं आणि माणसं गावात राहिली. बारीपाड्याने कुठला निर्देशांक बनवला नाही, आपलं काय जाऊ द्यायचं नाही एवढं ठरवलं आणि त्याच्यावर डोळा ठेवला.

तेच बाकीच्या गावांनी आपापल्या परीने करावं असं माझं म्हणणं आहे. केळीच्या गावाने गावातल्या पाच-सात विहिरी ठरवून एप्रिलअखेर दोरी टाकून पाणी मोजावं आणि पंचायतीच्या भिंतीवर गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहावं. ज्या गावात मुली कमी आहेत त्याने अंगणवाडीच्या रजिस्टरवरून मुलं किती, मुली किती हे लिहावं, रजिस्टर तर आहेच, फक्त ते कपाटातून बाहेर काढून ग्रामसभेत वाचायचंय. सातपुड्यातल्या पाड्याने होळीच्या आधी किती घरांना कुलूप होतं आणि शाळेतली किती पोरं आईबापासोबत गेली ते लिहावं, आणि पेशंट दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागला ते आशाताईला विचारून लिहावं. खाजगी सावकाराचं कर्ज लिहिणं अवघड आहे, कोणी उघड सांगत नाही, पण बचत गटातल्या बायकांना बरोबर माहीत असतं कोणाचं किती अडकलंय, नावं न घेता नुसती घरं मोजली तरी चालेल. गावागावाचे प्रश्न वेगळे, तर मोजायच्या गोष्टी पण वेगळ्याच असणार. भडगावला जे लागू आहे ते नवापूरला नसेल.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, या आकड्यांवर बक्षीस ठेवू नका. आपण हे भोगून बसलोय. स्वच्छता अभियानाची कमिटी येणार म्हटलं की आदल्या रात्री गाव झाडून काढायचं आणि कमिटी गेली की परत जैसे थे. हागणदारीमुक्तचे बोर्ड लागले आणि बोर्डाच्या मागेच लोक डबा घेऊन बसायचे. बक्षीस आलं की आकडा सुधारतो, गाव सुधारतंच असं नाही. हा आकडा कलेक्टरला दाखवायचा नाही, आपल्याला बघायचाय, आणि खाली गेला तर ग्रामसभेत भांडण झालं पाहिजे. झालंच तर तेवढ्यासाठी ते मोजणं आहे. विहीर तीन फूट खाली गेली हे भिंतीवर दिसलं की कोणीतरी म्हणेल की पिलबाग, म्हणजे जुन्याच झाडाच्या पिलावरचं पुढचं पीक धरायचं कमी करू, कोणी म्हणेल नाला खोल करू, शिरपूरकडे नाले रुंद आणि खोल करून बंधारे घातले आणि विहिरींना पाणी आलं ते जाऊन बघू, कोणी म्हणेल माझ्याच बोरला का बंदी, मोठ्या बागायतदाराला कोण बोलणार. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात खरा आहे. पाणी सगळ्यांचं आणि मोटर ज्याची मोठी त्याची, हे आज कोणी तोंडावर बोलत नाही कारण बोलायला हातात काहीच नसतं. भिंतीवरचा आकडा हातात असला तर निदान लहान शेतकऱ्याला उभं राहून बोलता येईल.

बायकांना हे काम द्या असं पण मला वाटतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहेच, बहुतेक ठिकाणी नुसत्या सह्या घेतात. पाणी, पोरींची संख्या, दवाखाना, कर्ज, दारू, यातलं काय बिघडलंय हे घरात सगळ्यात आधी तिलाच कळतं, मग गावाची वही तिच्या हातात का नको?

येत्या १ मे ची ग्रामसभा याच्यासाठी बरोबर आहे. विहिरी तळाला गेलेल्या असतात, शाळेचा निकाल लागलेला असतो, ऊसतोडीची बरीच माणसं परत आलेली असतात, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया त्याच्या मागेपुढे असते म्हणून बाहेरगावची पण बरीच घरी असतात. निधी लागत नाही, जीआर लागत नाही. एक लांब दोरी, अंगणवाडीचं रजिस्टर आणि भिंतीवर लिहायला ऑईल पेंटचा डबा लागतो, आणि गेल्या वर्षीचा आकडा पुसायचा नाही एवढी अट घालायची.